मास्तरांनी मोडायला शिकवलेली शपथ

मतदानाचा दिवस आला की मला अजून स्वस्थ बसवत नाही, आणि त्याला कारण आमची आई. सत्तर सालानंतरची गोष्ट. सोलापुरात आमच्या मागावर कापड विणणाऱ्यांच्या वस्तीत जुना नगरसेवक घरटी एक चादर द्यायचा आणि हातात खंडोबाचा भंडारा देऊन त्यालाच मत देण्याची शपथ घ्यायला लावायचा. आईनंही घेतली. मग तिच्या जिवाला घोर. नगरसेवक तर चोर, पण शपथ मोडली आणि पोरांना काही झालं तर?

त्याच्याविरुद्ध आमच्या शाळेचे मास्तर उभे होते. दारात येऊन म्हणाले, "अक्का, लाच देणाऱ्यानं घेतलेली शपथ देव मोजत नाही. बिनघोर मोडा!"

आईनं मोडली. अख्ख्या वस्तीनं मोडली. मास्तर निवडून आले, आम्ही गुलालात न्हालो.

पुढच्या निवडणुकीला मास्तर पुन्हा दारात. काखेत चादरी, हातात भंडारा!

आईनं चादर घेतली, भंडारा घेतला, शपथही घेतली. मग म्हणाली, "मास्तर, ही मोडायची कशी ते तुमीच शिकिवलं. पर आता मत द्यायचं कुणाला, ते कोण शिकिवणार?"