चपला काढून आलेला वेताळ

हल्लीच्या शिमग्याला शिमगा म्हणायची लाज वाटते गड्यांनो! लहानपणी आमच्या केम गावात चुलता वेताळाचं सोंग घेऊन, तोंडाला काजळी फासून, घोंगडं पांघरून दारात आला की बाया किंचाळत परड्यात पळायच्या. आणि परवा सोलापुरात, आमच्या चाळीत, शेजारचे कारकून वेताळ होऊन आले. तोंडाला पावडर, अंगावर इस्त्रीचं धोतर! उंबऱ्याबाहेर चपला काढून म्हणाले, "काकू, घाबरू नका हं. मी वेताळ. आत येऊ का?"

माझ्या आईनं त्यांना खालीवर न्याहाळलं. मग तोंडावर हात मारून अशी बोंब ठोकली की वेताळ दचकून तीन पायऱ्या खाली गेले.

"भ्यालासा न्हवं?" आई म्हणाली. "आता फुडच्या दारात ह्येच करा. इचारत बसू नका!"