दोन चोपन्न

ऋषी : आणि तुमच्या प्रोग्राममध्ये हे काय, सर? झुंबर म्हणजे चोपन्न? आणि हौशी म्हणजे पण चोपन्न?

गेणभाऊ : मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेत ना. म्हणजे न बदलणारे आकडे. सी भाषेच्या पुस्तकात तसंच होतं.

ऋषी : अक्षरांचं ठीक आहे हो. पण आकडा कशाचा, ते नावातून कळायला नको? पुण्यात हे दाखवलं असतं तर अख्खं ऑफिस चहा सोडून बघायला आलं असतं.

गेणभाऊ : लिहिणारा मी एकटाच होतो. मला कळायचं.

झुंबरबाई : मलाबी कळतंय. झुंबर म्हंजी मी.

ऋषी : तुम्ही हातातला अर्ज टाइप करा, बाई.

झुंबरबाई : तेच करतीय, पावणं. धा वर्सं ह्येच्यावरच लोकांचं अर्ज लिव्हतीय. सोमवारी ह्या कंप्युटरच्या क्लासात नवी मशिनं येत्यात. त्यांच्यावर गेणभाऊंचं ह्ये राहनार का न्हाई, तेवढं सांगा.

ऋषी : क्लासच्या मालकांनी ते माझ्यावर सोपवलंय. नीट झालं तर राहील, नाहीतर विकतचा एडिटर टाकू. सर, खरं सांगू? हा प्रोग्राम नाही, घोडेगावचा एसटी स्टँड आहे. सगळी नावं एकाच फाइलीत. कुणीही यावं, पाहिजे ते उचलावं.

गेणभाऊ : तुझं बरोबर असेल. मी आपला पुस्तकातून शिकलो. विचारायला कुणी नव्हतं.

ऋषी : ज्या फाइलीला जे लागतं, ते तिच्यातच ठेवायचं. एवढं साधं आहे. आणि दोन-दोन चोपन्न कशाला? एक बास. ‘कमाल ओळ’, म्हणजे एका ओळीत जास्तीत जास्त किती अक्षरं. झालं.

गेणभाऊ : ते दोन... नाही, राहू दे.

ऋषी : बोला की.

गेणभाऊ : काही नाही. तू शिकलेला आहेस.

झुंबरबाई : ही तुमची जन्माची खोड, गेणभाऊ. तोंडातलं तोंडातच. बरं पावणं, माझं डोळं आता लई दमत्यात. पडद्यावरची अक्षरं मोठी करा. वळीत कमी बसली तरी चालतंय.

ऋषी : बघा सर, नाव नीट असलं की कसं सोपं होतं. एकाच जागी चोपन्नचे अठ्ठेचाळीस. संपलं. छापा, बाई.

(प्रिंटर करकरतो. एकामागून एक दोन कागद बाहेर येतात.)

झुंबरबाई : दोन कसं? तुकाबाई म्हातारीचा ह्यो अर्ज एका पानात बसत व्हता. दुसऱ्यावर तर निस्ती अंगठ्याची जागा!

ऋषी : ओळी आखूड झाल्या, म्हणून वाढल्या. दोन कागद टाचायचे. काय बिघडलं?

झुंबरबाई : काय बिघडलं? कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा म्हातारीचा? तुमच्या पुण्यात घेत असतील.

ऋषी : अहो, साधा अर्ज आहे तो!

गेणभाऊ : ऋषी... झुंबर म्हणजे पडद्यावरची ओळ. हिच्या डोळ्यांना सोसेल एवढी. हौशी म्हणजे कागदावरची. शिनोलीचा हौशीराम. माझ्याच प्रोग्रामनं त्याचा अंगठा एकदा दुसऱ्या पानावर एकटा पडला. कुणीतरी ते पान सोडवून घेतलं, वरच्या कोऱ्या जागेत जमीन विकल्याच्या चार ओळी लिहिल्या. ओढ्याकाठचं रान गेलं त्याचं. मग मी कागदावरची ओळ लांब केली, अर्ज एका पानात मावेल इतकी. दोन्ही आकडे चोपन्नच आले, एवढंच.

ऋषी : हे कुठं लिहून ठेवलंय?

गेणभाऊ : कुठंच नाही. लिहायची लाज वाटली.

झुंबरबाई : आन् मला आजवर बोलला न्हाई तुमी.

ऋषी : तरी नावं चुकीचीच आहेत, सर. माणसावरून कुणी आकडा ओळखतं का?

गेणभाऊ : चुकीचीच आहेत. नावं तुझीच राहू देत. फक्त आकडे दोन ठेव.