प्रसूतिगृह सोडून सगळं दाखवलं

—छे हो, बंद कुठलं! बंद कोण म्हणालं तुम्हाला? गाडीवाला? त्याचं काय मनावर घेता, तो रोज पोटातून एक नवी बातमी काढतो. चालू आहे आमचं प्रसूतिगृह, व्यवस्थित चालू आहे. आणि सकाळी आवारात फीत धरून उभी होती ना माणसं, ती रंगकामाची. मापं घेत होती. रंग द्यायचा म्हटला की मापं नको का घ्यायला? — आता जमिनीची मापं कशाला घेत होती ते मला नाही सांगता येणार, मी काही रंगारी नाही. बसा ना, उभ्या का? महापौर येतीलच इतक्यात, खाली पत्रकारांनी गाठलं असेल. ही खोली लहान आहे खरी, पण इथून सभागृह कसं दिसतं बघा — ही काच सरकवली की समोर व्यासपीठ, आणि पलीकडे खुर्च्याच खुर्च्या. तुमची जागतिक परिषद इथे भरलीय, जगभरच्या सुइणी या खुर्च्यांवर बसल्यात, असं नुसतं डोळ्यांसमोर आणा. मागच्या रांगेतल्या बाईनं उसासा टाकला तरी इथे ऐकू येईल. पाणी घेता? चहा सांगू? नको. बरं.

काल तुम्हाला सगळं शहर दाखवलं की नाही? उतरायच्या जागा पाहिल्यात, विमानतळावरून यायचा रस्ता पाहिलात, तळं पाहिलंत, तळ्याकाठचं ते उगाचच उंच बांधलेलं ग्रंथालय पाहिलंत. दमलात तुम्ही. दमल्याच असणार, मीच दमले. म्हणून म्हटलं प्रसूतिगृह नंतर बघू, सावकाश — हो, माहितेय मला, प्रस्तावात मीच लिहिलंय की सभागृहापासून चालत जाता येईल इतकं जवळ, आणि परिषदेला आलेल्या प्रत्येकीला आमच्या सुइणींचं काम प्रत्यक्ष बघता येईल. मीच लिहिलंय. तुमची अटच आहे ना तशी, यजमान शहरात चालतं सरकारी प्रसूतिगृह हवं — मग लिहायला नको? आणि खोटं कुठे आहे त्यात? जवळ आहेच. त्या खिडकीतून मान बाहेर काढली तर छप्पर दिसेल — नका काढू मान, पडाल. अहो, खरंच नका. ती माणसं अजून तिथेच असतील.

हं. — तुम्ही किती वर्षं केलंत हो बाळंतपणाचं काम? या कमिटीबिमिटीत येण्याआधी? तरीच. तरीच मगापासून नुसत्या बघताय माझ्याकडे. मीही अशीच करते. बाई आली, म्हणाली, काही नाही हो, जरा पाठ दुखतेय — तर आपण काही विचारायचं नाही, नुसतं तिच्या चेहऱ्याकडे बघत बसायचं. मग थोड्या वेळानं तीच सांगते. सुईणीपासून कुणाला पोट लपवता आलंय! आणि मी निघाले दुसऱ्या सुईणीपासून लपवायला. शहाणीच की नाही मी?

बरं, दार लोटून घेते जरा. — हे बघा, बंद नाही. अजून बंद नाही. होणार आहे. महिना संपला की होणार आहे. दारावर तशी नोटीस लागलीय, म्हणून तुम्हाला नेलं नाही. माझ्या हाताखालच्या मुलींना बदलीचे हुकूम आलेत — माझी सून तिथेच काम करते, हात असा हलका तिचा की पहिलटकरीण सुद्धा म्हणते, झालं एवढ्यात? — तिला कुठे घातलंय माहितेय? पाणीपट्टीच्या खिडकीवर! नळाची बाळंतपणं करणार आता ती. हसा, हसा, मीही हसले होते. घरी हसलो दोघी, आणि मग ती मोरीत जाऊन तोंड धुऊन आली आणि मी भाजी चिरायला घेतली. मुलगा विचारत होता, काय झालं, तुम्ही दोघी भांडलात का? त्याला वाटतं सासूसुना गप्प म्हणजे भांडणच.

मग आता विचाराल, की बाई, महिन्याभरात मोडायचं घर आणि तुम्ही त्यात पाहुणे बोलावताय, डोकं ठिकाणावर आहे का? आहे. ठिकाणावर होतं म्हणूनच केलं. आम्ही अर्ज केले — केराच्या टोपलीत. भेटायला गेलो, तर म्हणाले नदीपलीकडे मोठं रुग्णालय आहे, तिथे सगळ्या सोयी, तुमच्या त्या जुन्या इमारतीत काय ठेवलंय? आम्ही म्हणालो, साहेब, पूल मध्ये आहे. ते म्हणाले, पूल आहे म्हणूनच तर जाता येतं! कप्पाळ! तेवढ्यात सुइणींच्या संघटनेच्या पत्रिकेत वाचलं, की तुम्ही पुढच्या परिषदेसाठी शहर शोधताय. वाचलं आणि — खरं सांगते — अंगावर काटा आला. म्हटलं, जगातल्या सुइणी ज्या शहरात यायच्यात त्या शहराचं प्रसूतिगृह बंद करायची कोणाची छाती होईल? एका दगडात — नाही, दगडही आपला नाही, तुमचाच दगड. आमचे महापौर म्हणजे फीत कापायला मिळणार म्हटलं तर जेवणावरून उठून येतील असा माणूस. मी गेले त्यांच्याकडे आणि म्हटलं, साहेब, परिषद आपल्याला मिळाल्यातच जमा आहे, फक्त त्यांना प्रसूतिगृह चालू लागतं. आणि तुम्हाला लिहिलं, की प्रसूतिगृहाची हमी महापौरांनी दिलीय. — हो. दोन्ही खोटं. त्यांना तुमचं नाव सांगितलं, तुम्हाला त्यांचं. दोन भिंती एकमेकींना टेकवून उभ्या केल्या, आणि मध्ये मी, दोन्हीकडून हात लावून. थापा मारायची सवय नाही हो मला. बाळंतिणीला सोडून. तिला मात्र मारावीच लागते, आता झालंच म्हणून, तासभर आधीपासून.

आणि चाललंही होतं की! टाळं या महिनाअखेरपर्यंत लांबणीवर पडलं. महापौर भेटले की, काय सिस्टर, कधी येताहेत तुमचे पाहुणे? मी वर तोंड करून म्हणायची, येताहेत, येताहेत. — पण काल. काल तुम्ही जेवून वर गेलात ना विश्रांतीला, तेव्हा खाली त्यांच्या सचिवांनी मला गाठलं. खुशीत होते. म्हणाले, बाई, तुमच्या परिषदेनं आमचं मोठं काम केलं. इतकी माणसं येणार म्हटल्यावर सभागृहाला गाड्या लावायला जागा हवी, ती मंजूर झाली. मी म्हटलं वा, कुठे? — तर म्हणाले, शेजारीच. प्रसूतिगृहाच्या जागेवर.

कळलं का तुम्हाला? — नाही, तुम्हाला कळलंय, तुमचा चेहरा सांगतोय. जी परिषद मी ढाल म्हणून आणली तिचीच त्यांनी कुऱ्हाड केली. आणि दांडा माझा. मी म्हटलं, अहो साहेब, पण सुइणींनी बघायचं काय मग? गाड्या? तर म्हणाले, तोवर नदीपलीकडे एक दालन रंगवून घेऊ, पाहुण्यांना काय कळतंय. — तुम्हाला हो! तुम्हाला काय कळतंय म्हणाले. रात्रभर छताकडे बघत पडले होते मी. एक मन म्हणे, पाहुण्यांना सांगून टाक, प्रस्ताव मागे घेते म्हण. पण मागे घेतला तर नोटीस आहेच, महिनाअखेर टाळं. नाही घेतला तर वाहनतळ. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ना, तशातली गत — आणि आडही मीच खणलेला.

काय? — नाही, नोकरीचा प्रश्न नाही माझ्या. माझी निवृत्ती तोंडावर आलीय. आणि सून हुशार आहे, ती कुठेही — मग कशाला? कशाला म्हणजे? काम आहे माझं ते, म्हणून. तुम्ही नाही का — हे विचारू नका ना. महापौर येतील. — पूल. तो पूल, दुसरं काय! मागच्या वर्षी इमारतीची दुरुस्ती काढली म्हणून प्रसूतिगृह थोडे दिवस बंद ठेवलं होतं, आणि सगळ्यांना पलीकडे पाठवायचे. पुलावर गाड्या अडकल्या होत्या. रोजच अडकतात. कुणीतरी एक मुलगी होती, कळा सुरू झालेल्या, गाडीत मागे आईच्या मांडीवर डोकं. बाळ तिथेच झालं, गाडीत. बाळ सुखरूप. पण वार नीट पडली नाही आणि रक्त थांबेना — तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला माहितेय त्या वेळी काय करायचं असतं. हात लावायला एक माणूस हवं असतं. एक. आईनं मला फोन लावला, गाडीतून. ताई, काय करू सांग. मी इकडून सांगत होते, पोट चोळ, जोरानं चोळ, बेंबीखाली, असं — आणि ती विचारत होती, जोरानं म्हणजे किती, तिला दुखतंय गं ताई. फोनवरून कसं दाखवणार, किती जोरानं? मी इकडे टेबलावर दाबून दाबून — ताई म्हणजे, हो. मला ताई म्हणते ती. धाकटी बहीण माझी. मुलगी तिची. माझ्याच हातावर झाली होती ती, त्याच प्रसूतिगृहात.

नका. हात नका धरू, रडायला येईल आणि मग डोळे लाल घेऊन पत्रकारांसमोर कशी जाऊ? हे सांगायचं नव्हतं मला. हे प्रस्तावात कुठेही नाही आणि कुठे लिहूही नका — कीव म्हणून शहर निवडू नका, त्यापेक्षा नाकारा. बाळ मजेत आहे. दोन दात आलेत. बहिणीला आई म्हणतं, आणि आम्ही कोणी अजून सुधारलं नाही. सुधारायचं काय त्यात.

पाऊल वाजलं का? — जिन्यावरच आहेत. ऐका आता माझं, घाईघाईत सांगते. तुम्हाला जे योग्य वाटेल ते करा. ही बाई खोटारडी निघाली असं लिहायचं तर लिहा, खोटं नाही ते. फक्त एक करा, आत्ता त्यांच्यासमोर मला काही विचारू नका, कारण मी आता खोटं बोलू शकणार नाही, संपलं माझं. आणि खरं बोलले तर — तुमच्या केसांना कुंकवासारखा हा कसला रंग लागलाय, या भिंतीचा? राहू दे. उठा. हसा थोडं.

या, साहेब, या! तुमचीच वाट बघत होतो. या आपल्या पाहुण्या — हो, काल सगळं दाखवलं, ग्रंथालय फारच आवडलं त्यांना. या हो, तुम्हीही या आत, दारात का उभे पत्रकार मंडळी, मावाल सगळे. — काय म्हणालात, मॅडम? — साहेब, त्या तुम्हाला विचारताहेत. मला नाही, तुम्हाला. म्हणताहेत, परिषदेचा पहिला दिवस इथे सभागृहात नको, प्रसूतिगृहात हवा. आवारात मांडव घालून. — हो, शेजारच्याच, त्यांनी सकाळी फिरताना पाहिलंय म्हणे, आवार मोठं आहे, जगात असं कुठे पाहिलं नाही म्हणताहेत. — मी काय सांगू, साहेब, तुम्ही सांगा. त्या म्हणताहेत, त्या आवाराला धक्का लागणार नसेल तर आज इथेच सही करतात, नाहीतर संध्याकाळचं विमान आहे, दुसरं शहर बघायचंय त्यांना.

— ऐकलंत ना सगळ्यांनी? साहेब म्हणाले, धक्का लागण्याचा प्रश्नच नाही. प्रश्नच नाही, असे शब्द. घ्या लिहून. मोठ्यानं म्हणाले ते, मागच्यांना ऐकू आलं का? — सचिवसाहेब, तुम्ही का असे पांढरे पडलात? बसा, पाणी घ्या, इथे पाणी आहे.

मी? मी काय बोलणार, साहेब! माझ्याकडे काय बघताय? आम्ही आपल्या दोघी सुइणी, वेळ जात नव्हता, इकडचं तिकडचं बोलत बसलो होतो. सही करा तुम्ही, करा निवांत. मला मात्र निघायला हवं, वॉर्डात दोघी कळा देताहेत. — नाही मॅडम, तुम्ही नका उठू. तुम्ही थांबा, शाई वाळेपर्यंत थांबा.