शिरोलीत बनवलेली सुई

त्या दिलप्याचं नाव काढू नका, डोकं फिरतंय माझं. ऐकायला म्हणून त्याला माझा रेकॉर्ड प्लेअर दिला, वर माझी सगळ्यात लाडकी जॅझची रेकॉर्ड दिली. पठ्ठ्यानं प्लेअरची सुई मोडली. मला सांगायचं सोडून शिरोलीतल्या स्वतःच्या वर्कशॉपात, लेथवर, पोलादाची नवी सुई बनवली.

प्लेअर घेऊन माझ्या घरी आला आणि म्हणतो, "परदेशी सुई कशाला पायजे? ही बघ."

मी नको म्हणेपर्यंत लावली पण. सॅक्सोफोन राहिला बाजूला, रेकॉर्डवरनं काळा भुगा निघायला लागला.

"बंद कर की रं, वाटोळं केलंस," मी ओरडलो.

त्यानं शांतपणे सुई उचलली, उजेडात धरून निरखली.

"रेकॉर्डचा मालच कच्चा हाय, भावा. सुईला वरखडा तरी आलाय का बघ."