ठोकळे विसरलेला ऑर्विल

लोखंडी सामानाच्या दुकानात रांगेत उभ्या लेम्पीचे कान पुढच्या नवरा-बायकोकडे लागले होते.

"गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला झोपडी उभारलीस, ऑर्विल, पण खाली लाकडाचे ठोकळे घातले नाहीस. बसली ना बर्फात रुतून?"

"पहारीनं खणून काढतो, व्हर्ना."

"कधी? शनिवारपासून ऊन तापणार म्हणतात, बर्फ फुटला की झोपडी जाईल माशांकडे राहायला. शेंबडं पोरसुद्धा ठोकळे विसरत नाही."

"विसरलो नव्हतो. नेले होते."

"मग गेले कुठे?"

"शेगडीत. पहिल्याच दिवशी पत्ते खेळताना तुला थंडी वाजली. हाताला लागेल ते जाळ, म्हणालीस."

व्हर्नानं मफलर सारखा केला.

"दोन पहारी घे, मीही येते. आणि कुणी विचारलं, तर तू विसरलास."