भवानी बापूरावांच्या हातची

— नाही, नाही, आज मी येणार नाही. सांगा त्याला. तुम्ही बसा हो सरोजिनीताई, ती पिशवी ठेवा तिथे स्टुलावर — पण मी येणार नाही. मला ठाऊकच होतं, उशीर झाला की कुणाला तरी पाठवणार. तुमचं पार्लर त्याच्या शेजारी, म्हणून तुम्हाला पिटाळलं, हो ना? स्वतः यायला काय झालं? रांग लागली असेल! लागू दे. भवानी झाल्याशिवाय विकत नाही ना तो? मग बस म्हणावं आपल्याच करंज्यांकडे बघत.

तुम्ही दिवाळीनंतर इथे आलात, तुम्हाला मूळ ठाऊक नाही. कुठे अर्जेंटिना, कुठे वारजे! हा मातेओ आला, गाळा घेतला, लायसन्स काढलं, पाटी लावली, आणि विकतो काय — तर खारी करंजी! तिचं खरं नाव घ्यायला गेलो तर माझी कवळी बाहेर येते. आठवडाभर कुत्रं फिरकलं नाही. लोक वाकून बघायचे, ‘यात खोबरं नाही?’ विचारायचे आणि चालायला लागायचे. एका सकाळी बिचारा पायरीवर डोकं धरून बसलेला दिसला, मला दया आली — दया कसली, मंडईतली भाजी उचलून हात भरून आले होते, टेकायला पायरी हवी होती — आणि टेकलो म्हणून एक करंजी घेतली. संध्याकाळपर्यंत सगळा माल खलास! समोरच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं त्या दिवशी, पण ते सोडा. दुसऱ्या दिवशी विचारतो, बापूराव, काल असं कसं झालं? म्हटलं, याला भवानी म्हणतात. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक. चांगल्या हाताने झाली की दिवस सोन्याचा.

एवढंच म्हणायचं होतं हो. पण त्याने माझ्याकडे असं बघितलं — जन्म गेला खडकीच्या कारखान्यात, एका साहेबाने कधी असं बघितलं नाही. म्हणून सांगून टाकलं, की भवानी रोज एकाच हाताची लागते. हात बदलला की धंदा बसला. — शास्त्र? कसलं शास्त्र, मीच केलं ते, पायरीवर बसल्या बसल्या! बाहेर बोलू नका.

पण त्याने धरलं ना घट्ट! मी पोचेपर्यंत कुणाला काही विकायचा नाही. आयटीतल्या पोरी माझ्या जिन्याखाली, ‘अंकल, प्लीज, बस जाईल!’ मला ताप आला, तर हा अख्खी काचेची पेटी घेऊन तिसऱ्या मजल्यावर! तोंडात थर्मामीटर, हातात करंजी — झाली भवानी! नम्रता, माझी मुलगी, नागपूरहून रोज फोन करते — बाबा, आई गेल्यापासून एकटे काय राहता, इकडे या. येऊ कसा? परक्या माणसाचा धंदा बुडवून? त्याचं इथे आहे कोण? — त्याचं म्हणतोय हो. माझं नाही म्हणत.

आणि काल? काल करंजी कागदात गुंडाळून नुसती पुढे सरकवली. नमस्कार नाही, कसे आहात नाही, फोनवर आपला हसतोय! म्हटलं, ठीक आहे. उद्या जायचंच नाही. सकाळपासून अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलोय — न जायला. पण तुम्ही एवढा जिना चढून आलात, आता तुमचा मान ठेवायला हवा. द्या ती काठी. — का? राहू दे म्हणता?

पिशवीत काय आहे? गरम लागतंय. — आजची? म्हणजे विकतोय तो? आणि भवानी? कुणी केली? — तुम्ही!

अस्सं. आणि तरी रांग आहे. संपत आलंय सगळं. बरं. माझ्यासाठी एक बाजूला काढून ठेवली. बरं, बरं. ‘जिने उतरायचा त्रास नको, आता रोज घरीच पाठवीन’ म्हणाला. चांगलंय. मुलगा गुणी आहे.

— ती पिशवी परत न्या, ताई. नाही, न्याच. सांगा, बापूराव भेटले नाहीत. नागपूरला गेले, मुलीकडे, अगदी घाईत, म्हणून आज जमलं नाही. आणि जाताना बाहेरून कडी घाला.