न्हाणीकडची भिंत

बस बराच वेळ अडकून उभी होती. माझ्या मागच्या सीटवर एक नवरा-बायको होते. बायकोनं फोन ठेवला आणि ती हसली.

"तुमच्या आई म्हणतायत, आपल्या नव्या खोलीच्या भिंतीला पोट सुटलंय. अगदी तुमच्यासारखं."

"कुठल्या भिंतीला?"

"न्हाणीकडच्या. अहो, असे काय बघताय?"

"मातीची भिंत उगाच फुगत नाही गं. आतून भिजली असणार."

"पण बाहेरून तर सिमेंटचा गिलावा केलाय."

"तोच नडला. आत शिरलेलं पाणी बाहेर पडणार कुठून? मातीला मातीचाच गिलावा हवा होता. लोक हसतील म्हणून मीच घाबरलो. बाळ कुठंय?"

"पाळण्यात. त्याच खोलीत."

"फोन लाव. स्पीकरवर टाक... आई, बाळाला उचल आणि बाहेर हो."

"अरे, आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

"आई, पाया पडतो तुझ्या. काही आवरत बसू नकोस, आधी बाहेर हो!"

"बरं बाबा, जाते. एवढा ओरडतोस कशाला—"

"अहो, कट झाला."

"परत लाव."

"उचलत नाहीत."

"परत लाव!"

"नुसता वाजतोय. हा घ्या, तुम्हीच लावा."

"थांब, तिचाच आला. आई!"

"अंगणात आहे. बाळ खांद्यावर आहे. रडतंय, ऐकू येतंय ना?"

"येतंय. आणि भिंत?"

"कुठली भिंत रे? इथून मला थेट मागचा रस्ता दिसतोय."